जोडगोळी

नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारी माणसं मी रोज बघते. बस आगाराच्या चौकशी खिडकीवर बसते मी. गाडी चुकते ती यांना सकाळी जाग आली नाही म्हणून, आणि ओरडा खायचा मी. आमच्या थोरल्या जाऊबाईंचं मात्र नेमकं उलटं. अंगण खरोखर वाकडं असलं तरी त्या म्हणणार, माझंच पाऊल चुकलं. दुधाची पिशवी दुकानातूनच फुटकी आली तरी यांनीच ती नीट धरली नसणार. शेजाऱ्यांच्या नळाचं पाणी आमच्या भिंतीत मुरलं तर यांनीच वेळेवर लक्ष दिलं नसणार. मी त्यांना ताई म्हणते, जीव टाकते त्यांच्यावर, आणि या एका खोडीवरून त्यांच्याशी कडाकडा भांडते.

ताई एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करतात. काम काय, तर लोकांची गुणसूत्रं बघायची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, रक्त तपासतात म्हणजे साखर वगैरे बघत असतील. तसं बोलले, तर ताईंनी मला समोर बसवून एवढं सांगितलं की गॅसवरचा चहा आटून गेला. आपल्या पेशीत सेहेचाळीस धागे असतात, तेवीस आईकडचे आणि तेवीस वडिलांकडचे. एरवी ते लोकरीच्या गुंत्यासारखे पडलेले असतात, कोण कुठला काही कळत नाही. पण एका पेशीच्या दोन व्हायची वेळ आली की त्यांची धांदल उडते. प्रत्येक धागा आधी स्वतःची नक्कल करून घेतो. मग अस्सल आणि नक्कल कमरेशी चिकटलेल्या अवस्थेत आखडत जातात, चांगले जाडजूड होतात, पेशीच्या मध्यावर रांगेत येऊन उभे राहतात. आणि मग दोन बाजूंनी ओढ लागून अस्सल एकीकडे, नक्कल दुसरीकडे. ताईंना हवा असतो तो मधला, रांगेचा क्षण. तेवढ्यात औषध घालून त्या सगळ्यांना जागच्या जागी थांबवतात. औषध कमी वेळ राहिलं तर रांगेत फार कुणी सापडत नाही, जास्त वेळ राहिलं तर धागे आखडून इतके ठेंगणे होतात की ओळखू येत नाहीत. हे सांगताना ताईंचे डोळे असे चमकत होते की ही बाई पगार घेते तरी कशाला असं मला वाटलं.

पण त्यांचं खरं कसब थेंबात आहे. औषधपाणी होऊन टम्म फुगलेल्या पेशींचा एक थेंब हातभर उंचीवरून काचेच्या पट्टीवर टाकायचा. पेशी आपटून पसरते आणि सेहेचाळीसच्या सेहेचाळीस सुटे होऊन काचेवर दिसतात. थेंब खालून टाकला तर सगळे एकावर एक चढून बसतात. फार वरून टाकला तर उडतात, आणि एखादा भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. शिवाय हवा कोरडी असली तरी बिघडतं, दमट असली तरी बिघडतं. म्हणून थेंब सोडायच्या आधी ताई काचेवर तोंडाची वाफ सोडतात, चष्मा पुसायच्या आधी आपण सोडतो तशी. त्यावरून प्रयोगशाळेत त्यांचं नाव फुंकरताई पडलंय. खरं म्हणजे ती फुंकर नव्हे, पण वाफताई कोण म्हणणार?

त्या नोकरीला लागल्या तेव्हा संगणक नव्हता. सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा, तो मोठा करायचा, कात्रीनं एकेक गुणसूत्र कापायचं आणि जोड्या लावून कागदावर चिकटवायचं. घरात अजून सांगतात ती गोष्ट त्या काळातली. एकदा ताई कामावरून आल्या, आणि सासूबाईंना त्यांच्या कोपराला काळपट कपटा चिकटलेला दिसला. कचऱ्यात टाकायला निघाल्या होत्या. ताईंनी तो हातातून हिसकावून घेतला, कारण ते कुणाचं तरी एकवीस नंबरचं गुणसूत्र होतं. पुन्हा चपला घातल्या, पुन्हा बस पकडली आणि ज्याचं त्याला चिकटवून आल्या. एकवीस नंबर एक जास्त असला की आयुष्य बदलतं, मग एक कमी कसा जाऊ देऊ, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई त्यावर म्हणाल्या होत्या, सून नोकरीवरून माणसांचे तुकडे घेऊन येते.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला तीनदा दिवस गेले, आणि तीनही वेळा तिसरा महिना उलटायच्या आत सगळं संपलं. मला मूल हवं होतं. इतकं हवं होतं की खिडकीवर कुणी तान्हं घेऊन आलं तर मी त्यांना गाडीची वेळ दोनदा सांगायची, म्हणजे ते तेवढा वेळ थांबतील. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांचं तोंड बंद राहायचं नाही. जिना जपून उतर, पिशव्या उचलू नकोस, दिवसभर त्या खिडकीत बसून अवघडतेस. आणि शेवटी ठरलेलं एक वाक्य, थोरलीच्या वेळी असं काही झालं नव्हतं. ताईंचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता, वसतिगृहात राहायचा, आणि धडधाकट होता. मोठे दीर जहाजावर नोकरीला, म्हणजे घरात आम्ही तीन बायका आणि माझा नवरा. तो बिचारा असं बोलणं निघालं की उठून गॅलरीत जायचा.

मी सासूबाईंना फाडकन उत्तर द्यायची. पण आतून मीही तेच करत होते. त्या दिवशी बस पकडायला धावले म्हणून झालं असेल का, वरच्या फळीवरचा डबा काढला म्हणून? ताईंना त्या खोडीवरून बोलणारी मी, माझी गत त्यांच्याहून वाईट झाली होती.

शेवटी डॉक्टरांनी आम्हा दोघांची गुणसूत्रं तपासून घ्यायला सांगितलं. रक्त दिलं ते ताईंच्याच प्रयोगशाळेत. तिथे नळ्यांवर नावं नसतात, आकडे असतात, त्यामुळे कुठली नळी कुणाची ते ताईंना कळायचा प्रश्न नव्हता. त्यांनीही विचारलं नाही.

मग एके संध्याकाळी ताई घरी आल्या त्या उडतच. चपला एक इकडे, एक तिकडे. पाणीसुद्धा न पिता बोलायला लागल्या. सकाळी एका नमुन्याची काच बघायला घेतली, तर पेशीत पंचेचाळीस. एक कमी. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, थेंब वरून पडला, एक उडालं. ती पेशी सोडून दुसरी घेतली. पंचेचाळीस. तिसरी, पंचेचाळीस. आता कुणीही माणूस म्हणेल की पेशीतच काही वेगळं असेल. पण आमच्या ताईच त्या. त्यांनी नवी काच घेतली, हात बोटभर खाली आणला, वाफ जरा जास्त सोडली. पंचेचाळीस. हात आणखी खाली. धागे एकमेकांवर चढले, पण मोजले तर पंचेचाळीसच. पंखा बंद केला, खिडकी लावली, काचा थंड पाण्यातून काढल्या. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला सहकारी विचारायला लागला, फुंकरताई, तब्येत बरी आहे ना? दुपारपर्यंत ताईंची खात्री झाली होती की इतक्या वर्षांचा आपला हात गेला.

शेवटी वैतागून त्या जोड्या लावायला बसल्या, निदान दर वेळी कोण उडतंय ते तरी कळेल म्हणून. एक नंबरची जोडी लागली, दोनची लागली, सगळ्या लागत गेल्या. तेरा नंबर एकटा उरला. चौदा नंबर एकटा उरला. आणि शिवाय एक लांबलचक अनोळखी गुणसूत्र, ज्याला जोडीच नाही. रंग दिल्यावर प्रत्येक नंबरावर त्याचे ठरलेले आडवे पट्टे उमटतात, ते बघितले तर अर्धे तेराचे, अर्धे चौदाचे.

"आई, हरवलं कुणी नव्हतंच," ताई सासूबाईंना म्हणाल्या. "दोघं एकमेकांना चिकटून एकाच ठिकाणी बसले होते, आणि मी सकाळपासून माझ्या हाताला शिव्या घालत होते."

आम्ही जेवायला बसलो होतो. अशी जोडगोळी फार माणसांत सापडत नाही, ताई सांगत होत्या. त्या माणसाला स्वतःला काहीही होत नाही, दोन्हींचा सगळा ऐवज शाबूत असतो, आयुष्यभर त्याला पत्ताही लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, ज्यांच्या घरचं असेल त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक असणार. माझ्या नवऱ्यानं ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, इथे तर कळसाच जेवायला बसला होता आणि भात वाढा म्हणत होता.

अहवाल सांगायला आम्हाला ताईंच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी बोलावलं. त्यांनी दोन चित्रं समोर ठेवली. माझं आधी. तेवीस जोड्या, ओळीनं, एकही वाकडी नाही. मग नवऱ्याचं. तेरा एकटा, चौदा एकटा, आणि बाजूला तो लांबडा. मी ते बघितलं आणि मला आमचं जेवणाचं टेबल आठवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, अगं बाई, जोडगोळी. मॅडम चकित होऊन माझ्याकडे बघायला लागल्या. नवरा स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, म्हणजे माझ्यात एक कमी आहे का? मॅडमनी त्याला शांतपणे सांगितलं की कमी काहीच नाही, फक्त दोन वस्तू एका पिशवीत भरल्यात.

मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, नवरा शेजारी पांढराफटक पडून बसला होता, पण नाही वाटली. जिना नव्हता, डबा नव्हता, बस नव्हती. मी काहीही केलं नव्हतं. इस्पितळाच्या पायऱ्या मी मुद्दाम धडाधड उतरले.

घरी येऊन सांगितलं तेव्हा ताई भांडी पुसत होत्या. त्यांनी हातातलं ताट तसंच ओलं ओट्यावर ठेवलं. मग स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तो माझ्या टेबलावरचा होता गं." आपण इतक्या आनंदानं नाचत होतो ते घरच्याच माणसाच्या दुखण्यावर, हे त्यांना फार लागलं. लगेच सुरू, माझ्या लक्षात यायला हवं होतं, मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, ताई, आता माफी मागितलीत तर मी भांडेन, त्यापेक्षा मला पुढचं सांगा. मला मूल होणार का?

मग त्यांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. मूल व्हायच्या पेशी बनतात तेव्हा आधी अस्सल आणि नक्कल नाही, जोडीतले दोघं एकमेकांपासून वेगळे होतात. समज, तुझ्या आगारात दोन बस उभ्या आहेत. तेवीस जोडपी आली आहेत. नियम असा की प्रत्येक जोडप्यातला एक या बसमध्ये, एक त्या बसमध्ये. पण तेरा नंबरच्या एकानं आणि चौदा नंबरच्या एकानं एकमेकांचा हात बांधून घेतलाय. ते दोघं एकाच बसमध्ये चढणार. मग त्यांच्या जोडीदारांनी निमूट दुसऱ्या बसमध्ये बसावं, म्हणजे दोन्ही बस ठीक. पण गर्दीत त्यातला एखादा चुकून हात बांधलेल्यांच्याच गाडीत चढला, की या गाडीत एक जास्त आणि त्या गाडीत एक कमी. तसल्या गाड्या फार लांब जात नाहीत. तुझ्या तीनही तशा असाव्यात.

"आणि बरोबर चढले तर?" मी विचारलं.

"पुष्कळदा बरोबरच चढतात," ताई म्हणाल्या. "म्हणून तर तुझा नवरा आहे."

हे मला तेव्हा नीट कळलं नाही, पण मोठ्या मॅडमना कळलेलं होतं. त्यांनी सांगितलं होतं की ही जोडगोळी बहुधा आईवडिलांपैकी कुणाकडून आली असेल, तर आईंचं रक्तही बघू. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई ऐटीत रक्त द्यायला आल्या. हे सगळं आमच्या यांच्या घराण्यातलंच असणार, यांच्या काकांचेसुद्धा दात पुढे होते, असं त्यांनी मॅडमनाही ऐकवलं.

अहवाल आला. पंचेचाळीस. जोडगोळी सासूबाईंची होती.

त्या दिवसापासून घरात त्यांचा आवाज बंद झाला. मी जिना कशीही उतरले तरी त्या बघायच्या नाहीत. आधी मला बरं वाटलं, मग करमेना. एका दुपारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो, आणि त्या मान वर न करता बोलायला लागल्या. मोठ्या आणि धाकट्या मुलाच्या मध्ये त्यांचीही गेली होती. किती ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मुलांनाही कधी ठाऊक नव्हतं.

"माझी सासू म्हणायची, हिला पायरी धड उतरता येत नाही," त्या म्हणाल्या. "मला ते खरंच वाटलं. मग मी तुला तेच सांगत आले. आणि सगळं होतं माझ्याच अंगातलं."

मी फार मऊ स्वभावाची नाही. मी त्यांना रागावलेच. म्हटलं, आई, या घरात ताई एक पुरे आहेत. तुम्ही काही ते दुकानातून विकत आणलं नव्हतं. त्या हसल्या नाहीत. पण त्यांना रडू आलं, आणि मला त्यांचा राग धरता येईना. पुढेही त्या तोंड चुकवतच राहिल्या. ताटं वाढून झाली की नंतर जेवते म्हणायच्या. माझ्यामुळे या पोरीच्या पोटी काही राहत नाही, असं त्या शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं.

मला चौथ्यांदा दिवस गेले. दुसरा महिना गेला, तिसरा गेला, आणि आम्ही कुणीही मोठ्यानं काही बोललो नाही. चौथा लागला तेव्हा मॅडमनी गर्भजल काढलं आणि बाळाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढायला ठेवल्या. त्या वाढून, थांबवून, काचेवर टाकून मोजल्या की कळणार होतं, गाडीत सगळे बरोबर चढले की नाही.

ताईंनी ती नळी हातात घ्यायला साफ नकार दिला. घरचं आहे हे आता ठाऊक होतं, त्यामुळे नियमातही बसत नव्हतं. थेंब चष्मेवाल्याचा. ताई रोज कामावर जायच्या आणि त्या पेशी ठेवलेल्या उबवण यंत्राकडे पाठ करून बसायच्या. संध्याकाळी दारातच आम्ही तिघं त्यांना घेरायचो. वाढतायत, एवढंच त्या म्हणायच्या. त्यांचं जेवणात लक्ष नसायचं, माझंही नसायचं, आणि नवऱ्यानं भात मागणं सोडलं होतं.

निकालाच्या आदल्या दिवशी ताईंनी मला पढवून ठेवलं. नीट ऐक, म्हणाल्या. जोडगोळीसकट पंचेचाळीस ऐकलंस की खुशाल नाच. सेहेचाळीस ऐकलंस तर पुढचं वाक्य ऐकेपर्यंत थांब. कारण सेहेचाळीस दोन तऱ्हेचे असतात. एक साधे, सगळ्यांचे असतात तसे, तेही उत्तमच. पण जोडगोळीही आहे आणि वर मोजले तर सेहेचाळीस भरले, म्हणजे कुणीतरी जास्तीचा चढलाय. सासूबाई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. मग ओट्याशी उभ्या राहून त्यांचं पाठांतर चाललेलं मला ऐकू आलं, पंचेचाळीस नाच, सेहेचाळीस थांब.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅडमच्या खोलीत बसलो. मी, नवरा, आणि सासूबाई, ज्या मी बाहेरच बसते म्हणत होत्या आणि मी त्यांना हाताला धरून आत आणलं होतं. ताई कामाचा पांढरा कोट घालूनच दारात येऊन उभ्या राहिल्या, ना आत, ना बाहेर. माझा जीव असा टांगणीला लागला होता की मॅडमनी या बसा म्हटलं, आणि मी बसलेलीच असून पुन्हा उठून बसले.

मॅडमनी कागद फिरवून आमच्यासमोर ठेवला. तेरा एकटा. चौदा एकटा. आणि बाजूला तो लांबडा.

"पंचेचाळीस," मॅडम म्हणाल्या. "जास्त काही नाही, कमी काही नाही. तेरा आणि चौदा जोडलेले आहेत, बाबांसारखेच. बाकी सगळं छान आहे."

दारातून ताईंचा हुंदका ऐकू आला. माझा नवरा मॅडमचे आभार मानायचे सोडून टेबलाचेच मानायला लागला, निदान मला तसं दिसलं, कारण तो टेबलावर कपाळ टेकून बोलत होता. मला नाचायचं होतं, पण पाय उचलेनात. मी नुसती त्या लांबड्या गुणसूत्राकडे बघत राहिले. कधी नव्हे एवढी खूश होते मी.

सासूबाईंनी कागद स्वतःकडे ओढला. चष्मा लावला. त्यांनी बोट आधी तेरावर ठेवलं, मग चौदावर, मग त्या जोडगोळीवर, आणि तिथेच राहू दिलं. मॅडमना त्यांनी विचारलं, हे बाबांकडून आलं म्हणजे त्याच्याआधी कुणाकडून? मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडून, आजी.

सासूबाईंनी मान वर केली आणि कितीतरी दिवसांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"म्हणजे बाळ माझ्यावर गेलंय," त्या म्हणाल्या.